ग्रुपवर दुसऱ्याने काही टाकलं, तर ॲडमिनला धरतात का?

मागच्या गणपतीत भोकरहून चुलतभावाचा फोन आला. त्याच्या गल्लीचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे, दोनशेच्या वर माणसं. लाईट कधी येणार, सोयाबीनचा भाव काय, नळाला पाणी सुटलं का, सगळं त्याच ग्रुपवर. म्हणाला, "दादा, ग्रुपात कुणी काहीबी टाकलं तर ॲडमिनलाच उचलतात म्हणे. खरंय का? मी तर ग्रुप सोडूनच देतो बघ."

सण आला किंवा निवडणूक आली की हा प्रश्न हमखास येतो. 'ॲडमिनवर कारवाई होईल' असा मेसेज फिरतो आणि ॲडमिन मंडळी घाबरून बसतात. म्हणून आज दोन गोष्टी नीट समजून घेऊ: कायदा काय म्हणतो, आणि ॲडमिनच्या हातात बटणं नेमकी किती असतात. या दोन्हींचा एकमेकांशी थेट संबंध आहे.

गोंदियाचं प्रकरण

2016 साली गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव इथे एका ग्रुप ॲडमिनवर गुन्हा दाखल झाला. ग्रुपमधल्या एका सदस्याने त्याच ग्रुपमधल्या महिलेबद्दल घाणेरडी भाषा वापरली होती. ॲडमिनवर आरोप असा, की त्याने त्या सदस्याला काढलं नाही आणि माफीही मागायला लावली नाही. भारतीय दंड संहितेच्या कलमांसोबत माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 67, म्हणजे अश्लील मजकूर प्रसारित करण्याचं कलमही लागलं.

प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गेलं. 1 मार्च 2021 रोजी न्या. झेड. ए. हक आणि न्या. अमित बोरकर यांनी ॲडमिनवरचा गुन्हा रद्द केला. दुसऱ्याच्या मेसेजपायी त्या माणसाच्या डोक्यावर जवळपास पाच वर्षं केस होती!

न्यायालयाचं म्हणणं थोडक्यात असं: ॲडमिन सदस्य घेऊ शकतो आणि काढू शकतो. एवढं सोडलं तर तो इतरांसारखाच. मेसेज पडण्याआधी तो वाचण्याची किंवा अडवण्याची सोय त्याच्याकडे नाही. दुसऱ्याच्या गुन्ह्यासाठी एखाद्याला जबाबदार धरायचं तर कायद्यात तसं स्पष्ट कलम लागतं, आणि ॲडमिनसाठी तसं कलम नाही. मात्र ॲडमिन आणि सदस्याने आधीच संगनमत केलं असेल, तर गोष्ट वेगळी.

पुढे मद्रास आणि केरळ उच्च न्यायालयांनीही हीच भूमिका घेतली. त्याआधी 2016 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने बदनामीच्या एका दाव्यात मजेशीर उदाहरण दिलं होतं: ग्रुपवरच्या बदनामीसाठी ॲडमिनला धरणं म्हणजे वर्तमानपत्राचा कागद बनवणाऱ्या कारखानदाराला धरण्यासारखं आहे.

आपलं भोकर उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाखाली येतं. पण नागपूरचा निकालही मुंबई उच्च न्यायालयाचाच, त्यामुळे नांदेड जिल्ह्यातल्या न्यायालयांनाही तो लागू पडतो.

मग घाबरायचं कारणच नाही?

तसंही नाही. ॲडमिनने स्वतः मेसेज टाकला किंवा फॉरवर्ड केला, तर तो त्या मेसेजसाठी जबाबदार असतो. तिथे 'मी फक्त पुढे ढकललं' ही सबब टिकत नाही.

दुसरं म्हणजे, हा निकाल आला तेव्हा सदस्याने टाकलेला मेसेज ॲडमिनला सगळ्यांच्या फोनमधून काढता येत नव्हता. ऑगस्ट 2022 मध्ये व्हॉट्सॲपने ते बटण दिलं. मेसेज पडण्याआधी तो अडवता येत नाही हे आजही खरं आहे, आणि निकालही कायम आहे. पण पडलेला मेसेज आता ॲडमिन काढू शकतो. 'माझ्या हातात काहीच नव्हतं' हे वाक्य 2021 मध्ये जितकं खरं होतं, तितकं आज राहिलेलं नाही.

आणि कायदा बाजूला ठेवला तरी एक गोष्ट विसरता येत नाही. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा गावात, भिक्षा मागून जगणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठार मारलं. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा त्या दिवसांत व्हॉट्सॲपवरून गावोगाव फिरत होती. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच चॅटना फॉरवर्ड करण्याची मर्यादा आणली. अशी अफवा आधी कुणाच्या तरी ग्रुपवरच येते, आणि त्या ग्रुपलाही ॲडमिन असतोच.

ॲडमिनने काय करावं?

• वाईट मेसेज दिसला की आधी स्क्रीनशॉट घ्या. तक्रारीची वेळ आली तर पुरावा लागतो. मग मेसेजवर बोट दाबून धरा आणि 'सर्वांसाठी हटवा' निवडा.
• सदस्याला ग्रुपवरच एकदा समज द्या. ऐकलं नाही तर काढा.
• गावात तणाव असेल तेव्हा ग्रुप सेटिंगमध्ये जाऊन मेसेज पाठवण्याचा अधिकार काही दिवस फक्त ॲडमिनकडे ठेवा.
• नवीन सदस्याला ॲडमिनची मंजुरी लागेल, हे सेटिंग चालू करा.
• अफवेमुळे कुणाच्या जिवाला धोका दिसला तर ग्रुपवर चर्चा करत बसू नका. सरळ 112 ला फोन लावा.

आणि ग्रुप सोडून देणं हा उपाय नाही. एकुलता एक ॲडमिन बाहेर पडला की व्हॉट्सॲप दुसऱ्याच कुणाला तरी ॲडमिन करतं. तो कोण असेल, हे तुम्ही ठरवत नाही.

भावाला हेच सांगितलं. त्याने ग्रुप सोडला नाही. गल्लीतल्या एक शिक्षिका आणि मेडिकलवाला, अशा दोघांना ॲडमिन केलं. आता रात्री त्याला झोप लागली, तरी ग्रुपवर कुणाची तरी नजर असते.