सर्व्हरची फाइल-यादी आणि देवनागरी नावे

वेब-सर्व्हरवरील एखाद्या फोल्डरचा पत्ता वाचकाने मागितला आणि त्या फोल्डरात मुखपृष्ठाची फाइल नसली, तर सर्व्हरपुढे दोनच मार्ग उरतात : प्रवेश नाकारणे, किंवा आतील फाइलींची यादी स्वतः रचून देणे. १९९५ पासून प्रचारात असलेल्या अपाची या सर्व्हरात हे दुसरे काम ‘मॉड-ऑटोइंडेक्स’ नावाचा घटक करतो. अर्थात व्यवस्थापकाने ‘इंडेक्सेस’ची मुभा दिलेली असेल तरच. या यादीचे रूप पालटण्याची साधने बहुधा शोभेची बाब समजली जातात. ध्वनिमुद्रणे वा हस्तलिखितांच्या प्रतिमा देवनागरी नावांनी जतन करणाऱ्या विभागाच्या बाबतीत मात्र ही समजूत टिकत नाही. तेथे संग्रहातील वस्तू सापडणे न सापडणे या साधनांवरच अवलंबून असते.

पहिला प्रश्न लिपीचा. यादी कोणत्या वर्णसंचात आहे हे घटकाला ब्राउझरास सांगावे लागते. विंडोज व मॅक यांखेरीज इतरत्र, म्हणजे लिनक्सवरही, ‘आयएसओ-८८५९-१’ हा पश्चिम युरोपीय संच गृहीत धरला जातो आणि देवनागरी नावांच्या जागी निरर्थक चिन्हांची रांग उमटते. ‘इंडेक्सऑप्शन्स’ या आज्ञेत ‘चारसेट=यूटीएफ-८’ एवढे घातले की हा दोष जातो.

दुसरा दोष अधिक फसवा आहे. ‘फॅन्सीइंडेक्सिंग’ स्वीकारले असता नाव, दिनांक, आकारमान व वर्णन असे स्तंभ मिळतात. परंतु नावाच्या स्तंभाची रुंदी मुळात २३ बाइट ठरलेली असते. रोमन अक्षरास एक बाइट लागतो, तर यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास, मग ती मात्रा का असेना, तीन. ‘कोकणातील’ या शब्दात आठ चिन्हे आहेत, म्हणजे २४ बाइट. नाव लांबले की घटक पहिले २० बाइट ठेवून पुढे ‘..>’ अशी खूण जोडतो. त्यामुळे ‘कोकणातील-म्हणी’ आणि ‘कोकणातील-ओव्या’ ही दोन्ही नावे ‘कोकणात’ येथे तुटतात, सातव्या चिन्हाचे दोन तृतीयांश अवशेष प्रश्नचिन्हासारखे लोंबत राहतात, आणि दोन्ही फाइली यादीत एकरूप दिसतात. ‘नेमविड्थ=*’ लिहिल्यास स्तंभ सर्वांत लांब नावाएवढा रुंद होतो. ‘ॲडडिस्क्रिप्शन’ने दिलेल्या वर्णनासाठी ‘डिस्क्रिप्शनविड्थ=*’ हवे. व्यवस्थापकाची परवानगी असल्यास हे सारे त्या फोल्डरातील ‘.एचटीॲक्सेस’ फाइलीतच लिहिता येते. माथ्यावरील प्रस्तावनेस ‘हेडरनेम’, तळटिपेस ‘रीडमीनेम’ आणि रंगरूपास ‘इंडेक्सस्टाइलशीट’ आहेत. त्यांविषयी अधिक सांगण्यासारखे नाही.

क्रमाचा प्रश्न मात्र कोणत्याही आज्ञेने सुटत नाही. घटक नावांची तुलना बाइटांच्या मूल्यांवरून करतो. युनिकोडमधील देवनागरीची मांडणी १९८८ च्या इस्की या भारतीय संकेतावर आधारलेली आणि तो संकेत वर्णमालेस बराचसा अनुसरणारा. म्हणून यादी प्रथमदर्शनी कोशासारखी भासते. पण तेथे ‘ळ’ हे ‘ल’ आणि ‘व’ यांच्यामध्ये आहे, तर मराठी वर्णमालेत ते ‘ह’नंतर येते. परिणामी ‘पाळणे’ हे ‘पावसाळी गाणी’च्या आधी लागते. ‘ॲ’ची गत याहून चमत्कारिक. त्यास स्वतंत्र संकेत २००८ साली, युनिकोडच्या ५.१ या आवृत्तीत मिळाला आणि तो व्यंजनांच्याही पलीकडे पडला. तेव्हा संतचरित्रांचे इंग्रजी अनुवादक जस्टिन ॲबट यांच्या नावाची फाइल ‘हरिपाठ’च्याही खाली जाते. तेच अक्षर ‘अ’ला चंद्र जोडून टंकित केले असेल, तर ती ‘अ’च्या गटात राहते. डोळ्यांस दोन्ही रूपे सारखीच. सर्व्हरास ती दोन निराळी नावे.

अंकांचेही असेच. ‘व्हर्जनसॉर्ट’ हा पर्याय २ ला १० च्या आधी आणतो खरा, पण तो केवळ रोमन अंक ओळखतो. देवनागरी अंक वापरल्यास दहावी ध्वनिफीत दुसरीच्या आधीच राहते. कोशक्रम हवा असणाऱ्याने प्रत्येक नावापूर्वी समान लांबीचा, शून्ये भरलेला रोमन क्रमांक घालावा, अथवा मुखपृष्ठाची फाइल हाताने रचावी.