फिरत्या मोबाइलचा पत्ता

खताच्या दुकानदारास मोबाइलवरून पैसे धाडावे, आणि घराचा उंबरा ओलांडतांच पडद्यावरील चक्र फिरत राहावें, हा अनुभव आमच्या पुष्कळ शेतकरी बंधूंस आला असेल. दोष दर वेळीं टॉवरचाच असतो असें नाहीं. मोबाइल एका जाळ्यांतून दुसऱ्या जाळ्यांत गेला, एवढेंच कारण अनेकदां असतें.

इंटरनेटवर प्रत्येक यंत्रास अंकांचा पत्ता मिळतो. त्यास आयपी पत्ता म्हणतात. तो सर्व्हे नंबरासारखा जागेस बांधलेला असतो. घरच्या वायफायवर एक, ओटा उतरून सिमकार्डाच्या जाळ्यावर आलें कीं दुसरा. समोरच्या संगणकानें व्यवहार मांडला जुन्या पत्त्याशीं; नव्या पत्त्यावरून बोलणारा तोच इसम, हें त्यास कळत नाहीं, व संबंध तुटतो. एकाच कंपनीच्या टॉवरांमधून फिरतांना मात्र सहसा असें होत नाहीं. तेथें पत्ता कंपनीच्या मध्यवर्ती यंत्राशीं कायम राहतो, बदलतो तो केवळ टॉवर.

यावर १९९६ सालीं 'मोबाइल आयपी' नांवाची योजना प्रसिद्ध झाली. तिची रीत टपालासारखी आहे. परगांवीं गेलेला मनुष्य नवा ठिकाणा गांवच्या पोस्टांत कळवितो, व पोस्टमास्तर पत्रें तिकडे लावून देतात. तसें मूळ जाळ्यांतील एक यंत्र फिरत्या मोबाइलचें टपाल पुढें धाडतें. युक्ति खरी; पण शेजारच्या बांधावरील पत्रहि आधीं गांवीं जाऊन यावयाचें! सर्वसाधारण मोबाइलांत ती फारशी रुजली नाहीं.

२०२१ सालीं मान्य झालेली 'क्विक' ही पद्धति आम्हांस अधिक पटते. कारकुनी भाषेंत सांगावयाचें तर ती सर्व्हे नंबर न पाहतां खाते नंबर पाहते. प्रत्येक संबंधास स्वतंत्र ओळख-क्रमांक असतो. पत्ता बदलला तरी त्यावरून खातेदार ओळखूं येतो. तोतया शिरूं नये म्हणून नव्या पत्त्यावर एक सवाल पाठवून त्याचा बरोबर जबाब आला, तरच व्यवहार तिकडे वळतो. ही व्यवस्था सर्वच ॲपांत असते असें मात्र समजूं नये.

म्हणून पैसे धाडावयाचे ते चालतां चालतां धाडूं नयेत. घरांत असल्यास घरांतच काम पुरें करावें. बाहेर निघावयाचें असल्यास वायफाय आधीं बंद करावें, कारण अंगणांत तें अर्धवट पोहोंचतें व मोबाइल दोन्हीकडे धरसोड करितो. आणि चक्र अडलें म्हणून रक्कम लागलीच दुसऱ्यांदा पाठवूं नये. तुटलेला असतो तो संबंध. रक्कम कदाचित् पोहोंचलेलीहि असते. आधीं बँकेच्या खात्यावरील नोंद पाहावी व दुकानदारास विचारावें.