व्होल्टमीटर खोटे बोलतो का?

कन्नड तालुक्यातील एखाद्या गावाहून छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयापर्यंत पोहोचायला रुग्णवाहिकेला तासाहून अधिक वेळ लागतो. एवढा वेळ रुग्णाजवळचे दिवे, पंखा आणि घशातील कफ ओढून घेणारे यंत्र अखंड चालले पाहिजे. अशी एक गाडी सकाळच्या तपासणीसाठी उभी आहे, अशी कल्पना करा. इंजिन बंद आहे. व्होल्टमीटर १२.६ व्होल्ट दाखवतो, म्हणजे बॅटरी पूर्ण भरलेली आहे. पण सारी उपकरणे सुरू करताच दिवे पिवळे पडतात आणि यंत्र रेंगाळू लागते. मीटरचा आकडा मात्र १२.५ च्या खाली येत नाही! एक जण म्हणतो, "मीटर बिघडला." दुसरा म्हणतो, "बॅटरी बदला." खरे काय असेल?

दोन बॅटऱ्या कशासाठी?

अशा गाडीत दोन बॅटऱ्या असतात. पहिली सेल्फ मारण्यासाठी. तिला काही सेकंदच, पण शेकडो अँपिअर प्रवाह द्यावा लागतो. म्हणून तिच्यात पातळ आणि पुष्कळ पट्ट्या असतात. दुसरी बॅटरी उपकरणांना तासन् तास बेताचा प्रवाह पुरवते. तिच्या पट्ट्या जाड असतात. दोन्हींना भरणारा आल्टरनेटर मात्र एकच. दोन्ही बॅटऱ्या कायमच्या समांतर जोडल्या, तर इंजिन बंद असताना उपकरणे दोन्हींना रिकामे करतील आणि गाडी सुरूच होणार नाही. हे टाळण्यासाठी मध्ये आयसोलेटर बसवतात.

विहिरीवरच्या पंपाचा फूट व्हॉल्व्ह तुम्ही पाहिला असेल. तो पाणी वर जाऊ देतो, परत खाली येऊ देत नाही. काही आयसोलेटरमधील डायोड विजेच्या बाबतीत हेच काम करतो. पण त्याची किंमत मोजावी लागते. सिलिकॉन डायोडमध्ये सुमारे ०.७ व्होल्ट खर्ची पडतात. आल्टरनेटरने १४.२ व्होल्ट दिले, तर बॅटरीपर्यंत १३.५ च पोहोचतात. बॅटरी सतत अर्धवट भरत राहिली, की तिच्या पट्ट्यांवर लेड सल्फेटचा कठीण थर जमतो आणि ती लवकर निकामी होते. म्हणून आल्टरनेटरच्या नियंत्रकाला दाब कळवणारी तार डायोडच्या पुढे, बॅटरीच्या धन टोकाला जोडतात. मग नियंत्रक ती तूट आपोआप भरून काढतो.

दुसऱ्या प्रकारच्या आयसोलेटरमध्ये रिले असतो. इंजिन सुरू होऊन दाब साधारण १३.३ व्होल्टवर गेला, की तो दोन्ही बॅटऱ्या जोडतो, दाब १२.८ च्या आसपास उतरला, की तोडतो.

मीटर नेमके काय सांगतो?

आता मूळ कोड्याकडे वळू. व्होल्टमीटर 'गाडीचा व्होल्टेज' दाखवत नाही. त्याच्या दोन तारा ज्या दोन बिंदूंना जोडल्या आहेत, त्या बिंदूंमधील विभवांतर तेवढे तो दाखवतो. आपल्या गाडीत त्या तारा थेट बॅटरीच्या टोकांना आहेत. म्हणजे मीटर बॅटरीविषयी खरेच सांगतो आहे. दोष पुढे कुठेतरी आहे.

म्हणून उपकरणे चालू ठेवून मीटरच्या तारा यंत्राच्या टोकांना लावू. आकडा येतो १०.५. वाटेत २ व्होल्ट हरवले! ते शोधण्यासाठी एक तार बॅटरीच्या धन टोकाला आणि दुसरी यंत्राच्या धन टोकाला लावली, तर मीटर जवळजवळ शून्य दाखवतो. ही बाजू ठीक आहे. आता यंत्राचे ऋण टोक आणि बॅटरीचे ऋण टोक यांमध्ये मोजू. आकडा २ व्होल्टच्या जवळ! चोर सापडला. गाडीच्या पत्र्याला अर्थ दिलेला बोल्ट गंजला आहे.

ओहमचा नियम लावून पाहा. प्रवाह २० अँपिअर आणि तूट २ व्होल्ट, म्हणजे गंजाचा रोध अवघा ०.१ ओहम. पण तेथे २ × २० = ४० वॉट उष्णता निर्माण होते! उपकरणे बंद असताना प्रवाह नसतो, त्यामुळे तूटही नसते. तेव्हा यंत्राच्या टोकांवरही मीटर १२.६ च दाखवील. म्हणून तपासणी नेहमी भार चालू ठेवून करावी.

रिलेची परीक्षाही अशीच सोपी आहे. इंजिन बंद करून आकडा स्थिर होऊ द्या. मग पहिल्या बॅटरीवरचे मोठे दिवे लावा. दुसऱ्या बॅटरीचा आकडाही घसरला, तर रिलेचे संपर्क चिकटलेले आहेत.

करून पाहा

टॉर्चचे चार सेल एकसर जोडून ६ व्होल्टची बॅटरी करा. तिला १० ओहम, १ वॉटचा रोध आणि ६ व्होल्ट, ०.३ अँपिअरचा बल्ब एकसर जोडा. रोध म्हणजे आपला 'गंजलेला बोल्ट'. बल्ब काढून त्याच्या होल्डरच्या टोकांमधील दाब मोजा, मग बल्ब लावून मोजा. दोन आकड्यांतील फरक कुठे गेला, हे रोधाच्या दोन टोकांना मीटर लावून पडताळा. रोध गरम होईल, त्याला हात लावू नका. सेलमध्येही थोडा दाब खर्च होतो, म्हणून हिशेब तंतोतंत जुळणार नाही. तो फरकही शोधा.

गाडीच्या बॅटरीवर मात्र हा प्रयोग जाणत्या माणसाशिवाय करू नये. ती भरली जात असताना हायड्रोजन वायू बाहेर पडतो आणि एका ठिणगीने स्फोट होऊ शकतो. काम करण्यापूर्वी हातातील अंगठी व धातूचे घड्याळ काढावे आणि बॅटरीची ऋण तार आधी सोडवावी.

आपल्या कोड्यात बॅटरी बदलली असती, तर हजारो रुपये खर्चूनही दिवे पिवळेच राहिले असते आणि खरा दोष रात्रीच्या रस्त्यावर, रुग्ण आत असताना पुढे आला असता. पॉलिश कागदाने घासून घट्ट आवळलेल्या एका बोल्टने काम भागले. मीटर खोटे बोलत नाही. त्याला प्रश्न कोणत्या दोन बिंदूंविषयी विचारला, हे आपण विसरतो.