खुंटी, खाच आणि पन्नास वर्षे

माझ्या कपाटाच्या मधल्या फळीवर पाच वाहने जुळून सिद्ध होणारा एक प्लास्टिकचा यंत्रमानव सोळा वर्षे उभा होता. दोन्ही बाहू खांद्यांच्या रेषेत पसरलेले आणि एक पाय किंचित पुढे, अशा युद्धसिद्ध मुद्रेत. ह्या सोळा वर्षांत त्याच्याशी कोणी खेळले नाही, कोणा बालकाच्या हाती तो लागला नाही, वर्षातून दोनदा, दिवाळीच्या अगोदर आणि गुढीपाडव्याच्या सुमारास, मऊ कुंचल्याने धूळ झटकण्यापुरताच माझा हात त्याला लागे. आणि तरीही एका पाडव्याच्या आदल्या दिवशी कुंचल्याचा स्पर्श होताच त्याचा डावा बाहू सुटून फळीवर पडला. उचलून पाहिले तेव्हा खांद्याची खुंटी मुळापाशी मोडलेली होती आणि मोडीच्या काठावर, मूळच्या काळ्या प्लास्टिकमध्ये, खडूने ओढावी तशी पांढरी रेघ उमटलेली होती. दोष खेळणे घडवणाऱ्याचा नव्हता. तो माझ्या सांभाळण्याचा होता. हाताळल्याने वस्तू झिजते आणि ठेवल्याने टिकते, हा माझा बालपणापासूनचा समज त्या दिवशी गेला, आणि ह्या खेळण्यांच्या पन्नास वर्षांच्या कारकिर्दीकडे मी त्यांच्या सांध्यांच्या बाजूने पाहू लागलो.

त्या कारकिर्दीचा आरंभ धातूत आहे. गो नागाई ह्यांचा माझिंगर झेड 1972 साली जपानच्या दूरचित्रवाणीवर आला आणि 1974 साली बंदाईच्या पॉपी ह्या उपकंपनीने जस्ताच्या मिश्रधातूत ओतलेली त्याची मूर्ती 'चोगोकिन', म्हणजे महामिश्रधातू, ह्या नावाने बाजारात आणली. हातात घेताच जाणवणारे तिचे वजन मुलांना इतके भावले की, 'चोगोकिन' हे एका मालिकेतील काल्पनिक धातूचे नाव पुढे एका संपूर्ण खेळणे-परंपरेचे नाव होऊन बसले. त्याच 1974 साली नागाई आणि केन इशिकावा ह्यांच्या गेटर रोबोत तीन विमाने एकत्र येऊन एक यंत्रमानव होण्याची कल्पना पडद्यावर अवतरली; परंतु चित्रकाराच्या कुंचल्याला जी मुभा असते ती साच्यात ओतणाऱ्या कारागिराला नसते, आणि पडद्यावर पाण्यासारखी वाहत एकमेकांत मिसळणारी ती विमाने प्रत्यक्ष खेळण्यात तशी जुळवणे त्या वेळी कोणालाच साधले नाही.

ते साधले 1976 साली. त्या वर्षीच्या कॉम्बॅटलर व्ही ह्या मालिकेतील पाच याने पॉपीने अशी घडवली की, ती सुटी विकत घ्यावीत आणि घरी जोडून पडद्यावरचाच यंत्रमानव उभा करावा. पॉपीचे अभिकल्पक कात्सुशी मुराकामी ह्यांचे नाव ह्या सगळ्या परंपरेत आदराने घेतले जाते, आणि ते यथार्थ आहे. कारण पडद्यावरची कल्पना आणि साच्यातली वस्तू ह्यांचा मेळ घालण्याची रीत त्यांनी घालून दिली. पुढच्याच वर्षी व्होल्टेस फाइव्ह आला. फिलिपीन्समध्ये तो इतका लोकप्रिय झाला की, 1979 साली मार्कोस राजवटीने त्याचे प्रक्षेपण बंद करविले तेव्हा अखेरचे भाग पाहायचे राहून गेलेली एक अख्खी पिढी ती हुरहूर उराशी बाळगून मोठी झाली. प्रौढ माणसे ही खेळणी का जपतात, ह्या प्रश्नाचे एक उत्तर त्या देशाकडे आहे. दूरदर्शनवर 'जायंट रोबॉट' पाहिलेल्या आपल्याकडील माणसांनाही ते परके वाटू नये.

संयोजनाबरोबर एक नवा प्रश्न जन्माला आला. एकसंध मूर्तीत सांधा हा देहाचा अवयव असतो. पाच देहांच्या मूर्तीत मात्र जो भाग एका वाहनाचे टोक म्हणून निर्माण झाला, त्यालाच दुसऱ्या क्षणी साऱ्या देहाचा भार वाहणारा खांदा किंवा कटी व्हावे लागते. धातूच्या युगात हे पेलले, कारण धातू बळकट होता. त्याची किंमत रंगाने मोजली. धातूवर धातू घासला की कडांवरच्या रंगाचा टवका उडून जाई, आणि जड बाहू तोलणारे घर्षणाचे सांधे काही वर्षांत ढिले पडून हात खाली लोंबत. जस्ताच्या ओतकामातला जुना रोग मात्र ह्या पिढीच्या वाट्याला फारसा आला नाही. ओतकामात शिशासारखी अशुद्धी शिरली की मिश्रधातू आतल्या आत कणाकणाने क्षरतो आणि एके दिवशी बिस्किटासारखा भुगा होतो. तो टाळण्यासाठी न्यू जर्सी झिंक कंपनीने 1929 साली अतिशुद्ध जस्तावर आधारलेला झामाक हा मिश्रधातू सिद्ध केला होता, आणि त्याचे पुण्य पुढच्या खेळण्यांना लाभले.

मग प्लास्टिकचा अंमल सुरू झाला. ताकाराची डायाक्लोन मालिका 1980 साली निघाली; तिच्यातील व तिच्या भावंड-मालिकेतील साचे घेऊन अमेरिकेतील हॅस्ब्रोने 1984 साली ट्रान्सफॉर्मर्स ही मालिका आणली, आणि 1985 साली हिरव्या-जांभळ्या रंगाची सहा बांधकामयंत्रे जुळून होणारा डेव्हास्टेटर मुलांच्या हाती आला. त्याच्या जोडणीत मुठी, छाती, दंड असे सुटे तुकडे पुष्कळ, आणि त्यातला एखादा हरवला की देह कायमचा अपुरा. 1986 सालच्या सुपेरियन, मेनासॉर, ब्रूटिकस, डिफेन्सर ह्या चौघांत ह्यावर एक सुरेख तोड निघाली: प्रत्येक संघात एक मोठा नायक आणि चार लहान सोबती, आणि प्रत्येक सोबत्याला एकाच मापाची खुंटी, जेणेकरून कोणताही सोबती कोणत्याही नायकाचा कोणताही हात वा पाय होऊ शकेल. जपानात ह्या पद्धतीला 'स्क्रॅम्बल' म्हणत. ही कल्पना मी सर्वांत थोर मानतो. परंतु ह्या समान मापामुळेच सर्व भार त्या एका खुंटीवर येऊन पडला. आणि माझ्या फळीवर मोडली ती अशीच एक खुंटी होती.

तिच्यावर भार किती पडतो, ह्याचा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहावा. पसरलेल्या बाहूचे वजन 200 ग्रॅम आणि त्याचा गुरुत्वमध्य खांद्यापासून 6 सेंटीमीटरवर धरला, तर त्याचे आघूर्ण 1200 ग्रॅम-सेंटीमीटर होते. खाचेत शिरलेल्या खुंटीला ते ज्या दोन टेकूंवर तोलायचे, त्यांतील अंतर जेमतेम अर्धा सेंटीमीटर असेल, तर प्रत्येक टेकूवर सुमारे 2400 ग्रॅमचा, म्हणजे जवळजवळ अडीच किलोचा रेटा येतो. तोच बाहू सरळ खाली सोडला की गुरुत्वमध्य सांध्याच्या खाली येतो आणि हा रेटा नाहीसा होऊन बाहूच्या स्वतःच्या वजनाची ओढ तेवढी उरते. मुद्रा बदलण्याखेरीज काहीही न करता सांध्याचा भार इतका हलका करता येतो, हे मला सोळा वर्षे कोणी सांगितले नाही, आणि मीही कोणाला विचारले नाही.

ही खेळणी बहुधा ज्या एबीएस नामक प्लास्टिकची असतात, त्यात कठीण आणि ठिसूळ द्रव्याच्या पोटात रबराचे अतिसूक्ष्म कण पेरलेले असतात. धक्का बसला की ते कण तो झेलतात आणि म्हणून हे प्लास्टिक काचेसारखे तडकत नाही. पण मर्यादेबाहेर वाकवले की त्या कणांत आणि त्यांच्या भोवती अगणित सूक्ष्म पोकळ्या उघडतात, प्रकाश त्यांवरून विखुरतो, आणि आपल्याला तिथे पांढरी खूण दिसते. ही खूण रंगाचा दोष नव्हे. पदार्थाने दिलेली ती लेखी नोटीस आहे. गरम हवेचा झोत देऊन ती फिकी करता येते आणि विक्रेते तसे करतातही. परंतु उघडलेल्या पोकळ्यांनी गमावलेले बळ त्याने परत येत नाही, ह्याची विकत घेणाराने खूणगाठ बांधावी. प्लास्टिकचा दुसरा स्वभाव अधिक गूढ आहे. एका क्षणी सहज पेलणारा भार तेच प्लास्टिक वर्षानुवर्षे पेलू शकत नाही. अखंड भाराखाली ते कणाकणाने सरकत राहते, खुंटी वाकते, खाच रुंदावते, घट्ट बसणारा सांधा हळूहळू आपली पकड सोडतो. लाकडी फळीवर पुस्तके वर्षानुवर्षे रचून ठेवली की ती मध्ये झुकते, तसेच हे. मुलाच्या हातात खेळणे दहा मिनिटे जोडलेले राहते आणि मग सुटते. माझ्या फळीवर ते सोळा वर्षे जोडलेलेच राहिले.

एक चूक मी स्वतःच्या हाताने केलेली आहे आणि ती इथे नोंदवणे मला अगत्याचे वाटते. दुसऱ्या एका यंत्रमानवाच्या पारदर्शक मांडीचा सांधा करकरत होता म्हणून गंजलेले नट सैल करण्यासाठी घरात आणलेल्या तेलाचा एक फवारा मी त्यावर मारला. सांधा लोण्यासारखा फिरू लागला आणि मला धन्यता वाटली. महिन्याभरात धातूच्या पिनेभोवती किरणांसारखे बारीक तडे गेले. घट्ट ठोकलेली पिन प्लास्टिकला आतून सतत ताणत असते. असा ताणलेला भाग काही तेलांच्या आणि द्रावकांच्या संपर्कात आला की जो ताण त्याने एरवी अनेक वर्षे सोसला असता, त्यानेच तो तडकतो. पारदर्शक भागांना ह्याची बाधा विशेष होते. सांध्याला काही लावायचेच असेल तर ते शुद्ध सिलिकोनचे वंगण, टाचणीच्या टोकावर राहील इतके. नखांना लावायचे रोगण ढिल्या सांध्यात भरण्याचा सल्लाही काही मंडळी देतात. त्यातील द्रावके एबीएस विरघळवतात, तेव्हा तो मानू नये.

काही व्याधी मात्र मनुष्याच्या हाताबाहेरच्या निघाल्या. 1980च्या दशकाच्या उत्तरार्धापासून सोनेरी रंगाचे, धातूच्या चमकीचे कण मिसळलेले जे प्लास्टिक वापरले गेले, त्यातील काही जाती वर्षांच्या ओघात आपोआप ठिसूळ होत गेल्या. 1988 सालच्या ब्लॅक झाराक ह्या जपानी ट्रान्सफॉर्मरचे उदाहरण संग्राहकांत ह्यासाठी कुप्रसिद्ध आहे. ह्या व्याधीवर औषध नाही. अशा वस्तूचे रूपांतर करू नये, तिची जोडणी करू नये, आहे त्या रूपात तिला विसावू द्यावे. पांढरे प्लास्टिक पिवळे पडते ते मुख्यतः अतिनील किरणांनी, आणि तोच प्रकाश त्यातील रबरी कणांनाही जाळून त्याला भंगुर करतो. खिडकीसमोरचे कपाट म्हणूनच मला खेळण्यांच्या बाबतीत मान्य नाही. आपल्या कोकणपट्टीच्या पावसाळ्यात पोलादी स्क्रू गंजून बसतात, आणि ते बळाने काढताना प्लास्टिकची नळीच फुटते, हीदेखील आपल्या हवेची देणगी.

निर्मात्यांनी ह्या अनुभवातून काही घेतले नाही असे मात्र नाही. बंदाईने 1997 साली 'सोल ऑफ चोगोकिन' ही मालिका माझिंगर झेडपासूनच आरंभली. ती उघडपणे प्रौढांसाठी होती, आणि तिच्यात धातू भार वाहण्याच्या जागी व प्लास्टिक हलके राहण्याच्या जागी, अशी वाटणी विचारपूर्वक झालेली दिसते. ताकाराची मास्टरपीस मालिका 2003 साली आली. मोठ्या सांध्यांत नुसत्या घर्षणाऐवजी दात्यांचे, खटखट वाजणारे रॅचेट आले, आणि खुंट्यांसाठी पीओएमसारखे निसरडे, चिवट प्लास्टिक आले, ज्याच्यावर रंग बसत नाही पण झीजही सहज होत नाही. 2015 सालच्या 'कॉम्बायनर वॉर्स' मालिकेत ती 1986ची समान खुंटी पुन्हा अवतरली, आणि त्याच वर्षीचा नवा डेव्हास्टेटर सुमारे 18 इंच उंचीचा निघाला. उंची दुप्पट झाली की आकारमान, आणि त्याबरोबर वजन, आठपट होते, पण खुंटीचा छेद चौपटच वाढतो; म्हणून आकाराचा मोह हा माझ्या मते ह्या कलेचा खरा शत्रू आहे, आणि 1986 सालच्या बेताच्या उंचीच्या वीरांना मी आजही वरचढ मानतो.

माझा आजचा बंदोबस्त साधा आहे. जोडलेले रूप मी सणासारखे ठेवतो: पाहुणे आले, किंवा मन झाले, तर जोडतो, डोळे भरून पाहतो आणि दोन दिवसांत सोडवतो. जोडताना खुंटी तिरकी घालत नाही. अडली तर रेटत नाही, कोमट हवेने तो भाग किंचित ऊबदार करतो आणि सरळ रेषेत, अंगठा खुंटीच्या मुळाशी टेकवून, दाबतो. काढतानाही हात बाहूच्या टोकाला नव्हे, सांध्यालगत. थंड देशांत राहणाऱ्या माझ्या मराठी मित्रांना मी सांगतो की, हिवाळ्यात टपालाने आलेला डबा त्याच दिवशी उघडून जोडणी करू नका. गारठलेले प्लास्टिक ठिसूळ असते, त्याला खोलीत एक रात्र द्या. स्क्रू कधी शेवटच्या फेऱ्यापर्यंत आवळत नाही. मऊ पीव्हीसीचे भाग आणि रबरी चाके कठीण प्लास्टिकला चिकटून राहू देत नाही, मध्ये कागद घालतो. आणि कोणत्याही खेळण्याचा जोडलेल्या रूपातला मुक्काम वाढलाच, तर त्याचे हात खाली सोडतो आणि कमरेखाली पारदर्शक आधार देतो.

तो मोडलेला बाहू मी दुरुस्त केलेला नाही. तो त्याच्या चार सोबत्यांसह एका डब्यात, वेगळ्या कागदात गुंडाळून ठेवला आहे. आपल्या घरी असा एखादा वीर वर्षानुवर्षे बाहू पसरून उभा असेल, तर येत्या रविवारी त्याला फळीवरून खाली घ्या, उजेडात त्याच्या खांद्यांची मुळे पाहा, आणि पांढरी रेघ उमटण्यापूर्वी त्याचे हात खाली करा.