रक्ताचा ओघ आणि धमनीतला थर



पाटाचे पाणी धरणाऱ्याला हे सांगावे लागत नाही. सरळ चारीत गाळ कमी बसतो. जिथे फाटा फुटतो, वळण येते, तिथे कडेला पाणी घुटमळते आणि गाळ तिथेच धरतो. धमन्यांतले चरबीचे थरही असेच ठरावीक जागी धरतात. मानेतली मोठी धमनी दुभंगते तिथे, हृदयाच्या धमन्यांच्या फाट्यांपाशी, पोटातल्या महाधमनीच्या खालच्या भागात. रक्त तेच, कोलेस्टेरॉलही तेच. मग सगळीकडे सारखा थर का नाही?

जोरदार प्रवाहाने भिंत खरवडते म्हणून थर धरतो, असे एक मत पूर्वी होते. १९६९ साली लंडनच्या इंपीरियल कॉलेजातील डॉ. कॅरो व त्यांच्या सहकाऱ्यांनी उलट मांडणी केली : घर्षण जिथे कमी, तिथेच थर. पुढे हेच मत बळकट होत गेले.

पाटाची उपमा मात्र इथेच सोडावी लागते. गाळ वजनाने तळाशी बसतो. थर भिंतीच्या आत वाढतो, आणि भिंत जिवंत आहे. तिला आतून पेशींचे एकपदरी अस्तर असते. १२० चा रक्तदाब म्हणजे १६,००० पास्कल, तर रक्त घासत गेल्याने अस्तरावर पडणारा ताण जेमतेम दीड पास्कल. दहा हजारावा हिस्सा, तरी पेशीला तो कळतो! ओघ नीट असला की पेशी ओघाच्या दिशेने लांबट मांडल्या जातात आणि नायट्रिक ऑक्साइड सोडतात. त्याने धमनी सैल राहते. (या वायूचे काम उलगडणाऱ्या तिघा अमेरिकन शास्त्रज्ञांना १९९८ चे नोबेल मिळाले.) फाट्याच्या कडेला ताण ०.४ पास्कलच्याही खाली जातो, दर ठोक्याला मागेपुढे होतो. तिथे पेशी विस्कटतात, त्यांच्यामधून कोलेस्टेरॉल आत झिरपते, मागोमाग पांढऱ्या पेशी शिरतात आणि चरबी खाऊन फुगतात. थर धरला तो असा.

रक्तदाबाचाही यात वाटा आहे. पायातल्या शिरेत असा थर धरत नाही; तीच शीर बायपासमध्ये धमनीच्या दाबाखाली आली की काही वर्षांत तिच्यातही धरू लागतो.

“स्प्रिंग टाकली, नळी साफ झाली, आता गोळ्या कशाला?” असे काही मंडळी म्हणतात. आपल्या इव्हॅपोरेटरच्या नळ्यांतला खार कॉस्टिक सोडा उकळून, ब्रश मारून निघतो. धमनीचे तसे नाही. स्प्रिंगने थर निघत नाही, नुसता बाजूला दाबला जातो. बाकीचे फाटे होते तसेच राहतात. गुठळी न होण्याच्या गोळ्या मनानेच बंद केल्या तर स्प्रिंगमध्येच गुठळी होऊन जिवावर बेतू शकते. बंद करायच्या तर डॉक्टरांना विचारूनच.

फाट्यांचा आकार आपल्याला बदलता येत नाही. रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल आणि बिडी एवढे मात्र आपल्या हातात आहे. बिडीच्या धुराने अस्तराचे नायट्रिक ऑक्साइड घटते. भराभर चालले की रक्ताचा ओघ वाढतो आणि अस्तराला हवे असलेले घर्षण मिळते. पूर्वी दारे धरायला आपण बांधाबांधाने पायी जायचो. आता मोटारसायकल थेट विहिरीपर्यंत जाते.