दर सारखा, पण दिवस किती?

ऑक्टोबर २०२२ मध्ये भारतीय क्रिकेट नियामक मंडळाने महिला आणि पुरुष खेळाडूंचे सामन्याचे मानधन सारखे केले. कसोटीला १५ लाख, एकदिवसीय सामन्याला ६ लाख आणि टी-ट्वेंटीला ३ लाख रुपये. मलाही आनंद झाला. पण कामाला जाणारा माणूस दोन गोष्टी विचारतो. रोज किती आणि काम किती दिवस?

नोव्हेंबर २०१४ नंतर भारतीय महिलांना पुढची कसोटी मिळाली ती जून २०२१ मध्ये. मधल्या साडेसहा वर्षांत १५ लाखांचा दर असता, तरी कसोटीचे म्हणून हाती काहीच पडले नसते. वार्षिक कराराचे पैसे तर वेगळेच. २०२२-२३ मध्ये पुरुषांची सर्वांत वरची श्रेणी ७ कोटींची होती, महिलांची ५० लाखांची.

बहुतेक मुली मात्र राज्याच्या संघापर्यंतच पोहोचतात. २०२१ पासून वरिष्ठ गटात त्यांना दिवसाला २० हजार मिळत, पुरुषांना ४० ते ६० हजार. नोव्हेंबर २०२५ मध्ये आपल्या महिलांनी नवी मुंबईत विश्वचषक जिंकला आणि पुढच्याच महिन्यात मुलींचा दर ५० हजार झाला.

हे चांगलेच झाले. तरी हिशेब अपुरा आहे. मुलीने नोकरी शोधावी की सराव चालू ठेवावा, हे घरचे लोक वर्षाच्या कमाईवर ठरवतात. म्हणून मानधनाची बातमी वाचाल, तेव्हा सामन्यांचे वेळापत्रकही जरूर पाहा.