कबरींच्या आसऱ्यानं वसलेलं गाव

गाव वसतं कसं? या प्रश्नाची ठरलेली उत्तरं आपल्याला ठाऊक आहेत. नदीकाठी वसतं, बाजाराच्या वाटेवर वसतं, किल्ल्याच्या आधारानं वसतं. वेरूळच्या लेण्यांवरच्या डोंगरमाथ्यावरचं खुलताबाद मात्र वेगळं आहे. ते वसलं कबरींच्या आसऱ्यानं.

त्याची गोष्ट सुरू होते जवळच्या देवगिरीत. १३२७ साली महंमद तुघलकानं आपली राजधानी तिथं नेली. देवगिरीचं दौलताबाद झालं. दिल्लीहून अमीर-उमराव निघाले, तसे आलिम आणि सूफीही निघाले. त्यांत निजामुद्दीन औलियांचे शिष्य बुऱ्हाणुद्दीन गरीब होते. ‘गरीब’ या शब्दाचा मूळ अरबी अर्थ परका, परमुलखातला. औलियांची संभाषणं ‘फवाइदुल फुआद’ या ग्रंथात टिपून ठेवणारे फारसी कवी अमीर हसन सिज्जी, तेही उतारवयात इकडं आले.

काही वर्षांतच सुलतानाचा बेत फसला. लोकांना परतायची मुभा मिळाली, पुष्कळजण परतलेही. बुऱ्हाणुद्दीन इथंच राहिले. १३३७ साली ते वारले. त्यांना डोंगरमाथ्यावर दफन केलं. हसन सिज्जींची कबरही याच परिसरात आहे. मी कविता लिहिणारा माणूस. सक्तीच्या स्थलांतरात आलेला एक कवी इथल्या मातीत कायमचा राहिला, हे मला फार मोलाचं वाटतं.

आता वस्ती कशी झाली ते पाहू. पीर गेला, की शिष्य कबरीजवळ राहतात. दिवाबत्ती करणारे मुजावर आले. येणाऱ्या-जाणाऱ्याला जेवू घालायचं म्हणजे लंगर आला. दरवर्षी उरूस भरू लागला. उरूस आला की फुलंवाले, मिठाईवाले, बांगड्यावाले येणारच. खर्चासाठी सुलतानांनी गावं इनाम दिली. तिथलं धान्य दर्ग्यात येई आणि ते पिकवणारा असे कुणबी. १३६९ साली बुऱ्हाणुद्दीन यांच्या परंपरेतले जैनुद्दीन शिराजी वारले, त्यांचाही दर्गा इथंच झाला. गावाला नाव पडलं रौजा. रौजा म्हणजे बाग, आणि थोरामोठ्यांची कबरही. या दोघांची ख्याती इतकी, की खानदेशच्या फारुकी सुलतानानं तापीकाठी वसवलेल्या शहराला बुऱ्हाणपूर नाव दिलं आणि पलीकडच्या काठावर जैनाबाद झालं.

मग राजेलोक इथं जागा मागू लागले. खडकी शहर वसवणारा मलिक अंबर १६२६ साली इथं विसावला. १७०७ साली अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, औरंगजेब वारला. त्यालाही जैनुद्दीनांच्या दर्ग्यात, उघड्या आभाळाखाली साधी कबर मिळाली. मृत्यूनंतर त्याला ‘खुल्द-मकान’ म्हणत, म्हणजे स्वर्गनिवासी. त्यावरून रौजाचं खुल्दाबाद झालं आणि मराठी जिभेनं त्याचं खुलताबाद केलं.

आज खुलताबाद म्हटलं, की पुष्कळांना ही एकच कबर आठवते आणि वाद सुरू होतो. पण बुऱ्हाणुद्दीन वारले, त्यानंतर ३७० वर्षांनी ती कबर आली. बादशहानं गाव वसवलं नाही, तो वसलेल्या गावात येऊन पडला. ज्या दौलताबादसाठी फर्मानं सुटली, ते राजधानी म्हणून टिकलं नाही. ज्या माळासाठी कुणी फर्मान काढलं नव्हतं, तिथं मात्र माणसं राहिली.

गाव कुणाचं, हे समजून घ्यायचं असेल तर गावकुसाच्या जुन्या वेशींची नावं ऐकावीत: नगारखाना, पांगरा, मंगळपेठ, कुणबी आळी. याच गावात निद्रिस्त भद्रा मारुतीला शनिवारी गर्दी होते आणि जरजरी जरबक्ष यांच्या उरुसाला माणसांचा पूर लोटतो. नारळ, रेवड्या, फुलं विकणाऱ्या माणसाला दोन्ही गर्दी सारख्याच हव्या असतात. गाव त्याच्यामुळं वसलं, आणि त्याच्यामुळंच टिकलं.